कॉलेजच्या टीमला गाव का नाही?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रात एका गृहस्थांनी लिहिलंय की कॉलेजच्या मैदानावर चार पोरं फुटबॉल लाथाडत बसतात त्यापेक्षा तिथं पार्किंग करा, गावातली कोंडी तरी सुटेल, आणि वर अशी पुस्ती जोडलीय की अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी बघा, तिथं फक्त अभ्यास आणि रिसर्च चालतो म्हणून ते पुढं गेले. पत्र वाचता वाचता माझा चहा गार झाला. गृहस्थ वयानं मोठे असतील, त्यांच्याशी भांडायचं नाही मला, पण मी स्वतः २०२३ च्या ऑगस्ट अखेरीपासून २०२४ च्या जानेवारीपर्यंत अमेरिकेत लेकीकडं होतो, आणि नेमका अशा गावात होतो जिथं मॅचच्या दिवशी युनिव्हर्सिटी स्वतःचं गोल्फचं मैदान गाड्या लावायला उघडून देते, कशासाठी तर कॉलेजची फुटबॉल मॅच बघायला आलेल्या लोकांसाठी. म्हणजे पार्किंग आहे साहेब, पण ते फुटबॉलपायी आहे, फुटबॉल काढून नाही.

गावाचं नाव ॲन आर्बर, मिशिगन राज्य. वस्ती सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या मानानं लहानच. आणि त्या गावातल्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१. परत वाचा, चुकून शून्य जास्त पडलेलं नाही. १९२७ सालचं स्टेडियम, लोक त्याला प्रेमानं 'बिग हाऊस' म्हणतात. १९७५ पासून तिथं घरच्या मैदानावरची एकही मॅच लाखाच्या खालच्या गर्दीची झालेली नाही, फक्त कोरोनाचं २०२० साल सोडून. आणि खेळतं कोण, तर बी.ए. बी.एस्सी. करणारी पोरं.

मी पहिल्यांदा बाहेरून बघितलं तेव्हा जावयांना म्हटलं, अहो हे एवढंसं दिसतंय की, लाख माणूस बसतं कुठं? आत गेल्यावर कळलं, बरंचसं जमिनीत खोदलेलं आहे, तुम्ही वरच्या कडेनं आत शिरता आणि खाली बघता तर हा एवढा मोठा वाडगा. मला तिथंच आपलं खासबाग आठवलं. शाहू महाराजांचं १९१२ सालचं कुस्त्यांचं मैदान, तेही असंच खोलगट, शेवटच्या माणसालासुद्धा मधली माती दिसली पाहिजे म्हणून. जावयांना सांगितलं की ही आयडिया आमच्याकडं तुमच्या आधी पंधरा वर्षं होती. ते हसले, पण मी काय खोटं सांगितलं नव्हतं.

आता आधी माझी ओळख. मी मंगळवार पेठेतला, बँकेतनं रिटायर झालेला, आणि तरुणपणी लेफ्ट बॅकला खेळलेला माणूस. त्यामुळं फुटबॉल म्हटल्यावर माझ्या डोळ्यापुढं शाहू स्टेडियम येतं. तिथं जाऊन बघतो तर यांचा फुटबॉल म्हणजे हातात धरून पळायचा आणि पाय जवळजवळ लागायचाच नाही. पहिले दोन शनिवार मला ओ की ठो कळलं नाही, आमच्या सौ. तर सरळ म्हणाल्या, "ह्यात बघायचं काय, माणसं नुसती ढिगारा करून पडत्यात." मग जावयांनी कबड्डीच्या भाषेत समजावलं, की मैदान शंभर यार्डाचं, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, सरकलास की परत चार प्रयत्न, नाही तर बॉल समोरच्याला. शेवटच्या पट्टीत नेला की टचडाऊन, त्याचे सहा पॉईंट, त्याच्यावर बोनस लाथेचा एक, आणि लांबून खांबात मारला तर तीन. बस्स. एवढं कळलं की पुढचं आपोआप कळतं, कारण धरपकड, चकवा आणि जागा शोधणं हे सगळीकडं सारखंच.

मी गेलो तो सीझन कसला होता म्हणून सांगू. जावई तिथलेच शिकलेले, त्यांनी आधीचा इतिहास सांगितला तो असा, की शेजारच्या राज्यातल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीकडनं हे मिशिगन युनिव्हर्सिटीवाले २०१२ ते २०१९ लागोपाठ हरत आलेले, आणि २०२० ला तर सहा मॅचमध्ये दोनच जिंकले. ओहायो स्टेट म्हणजे काय हे आपल्या माणसाला सांगायचं तर दोन पेठांमधलं जे वैर असतं ते समजा, फक्त पेठेच्या जागी अख्खं राज्य. त्या मॅचच्या आठवड्यात ओहायोवाले त्यांच्या कॅम्पसमधल्या पाट्यांवरचं 'एम' अक्षर लाल पट्टी मारून खोडतात, का तर एम म्हणजे मिशिगन. मला हे ऐकून एकदम घरी आल्यासारखं वाटलं. तर ह्या मिशिगनच्या पोरांनी २०२१ आणि २०२२ ला ओहायोला हरवलं पण दोन्ही वेळा पुढं देशाच्या विजेतेपदाच्या सेमीफायनलला आपटले. त्यामुळं २०२३ ला सगळ्यांचं एकच, यंदा नाही तर कधीच नाही.

आणि सुरुवात कशी, तर मेन कोच जिम हारबॉ पहिल्या तीन मॅचला बाहेर. कोरोनाच्या काळात पोरं भरती करताना नियम मोडले असा आरोप होता, युनिव्हर्सिटीनं स्वतःच त्यांना तीन मॅच बसवलं. असिस्टंट लोकांनी आलटून पालटून टीम सांभाळली, तिन्ही मॅच आरामात जिंकल्या. चौथ्या मॅचला, २३ सप्टेंबरला रटगर्सविरुद्ध, कोच परत आले आणि त्याच मॅचचं तिकीट जावयांनी माझ्यासाठी काढलं. (किंमत सांगितली नाही, मी विचारली पण नाही, विचारली असती तर सौ.नी जाऊ दिलं नसतं.)

तो दिवस मी विसरणार नाही. सकाळपासून गाव निळं आणि मक्याच्या कणसाच्या पिवळ्या रंगाचं. स्टेडियमजवळच्या घरांपुढच्या हिरवळीवर लोक स्वतः गाड्या लावून घेतात आणि पैसे घेतात, एक म्हातारी खुर्ची टाकून हातात पाटी धरून बसलेली, आपल्याकडं जोतिबाच्या यात्रेत असतं तसं. अनोळखी माणूस समोरून आला की "गो ब्लू" म्हणतो, उत्तरही "गो ब्लू", म्हणजे आपल्या रामरामासारखं. मी पण सुरू केलं, पहिले पाच मिनिटं लाजलो आणि मग सुटलोच.

मॅच सुरू झाली आणि सुरुवातीलाच रटगर्सच्या पोरानं ६९ यार्डाचा पास घेऊन थेट टचडाऊन केला. लाखभर माणूस एकदम गप्प. ती शांतता मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली, आपल्याकडं अशा वेळी निदान शिव्या तरी येतात. पण मग मिशिगननं हळूहळू पकड घेतली, आणि दुसऱ्या हाफमध्ये माईक सेनरिस्टिल नावाच्या पोरानं समोरच्याचा पास मधल्या मध्ये उचलला आणि ७१ यार्ड पळत जाऊन ठेवला. माझ्या शेजारच्या गोऱ्या आजोबांनी मला मिठी मारली. ३१-७ संपली मॅच. हा सेनरिस्टिल जन्मानं हैतीचा, आधी अटॅकला खेळायचा, टीमला मागं माणूस कमी पडतोय म्हणून २०२२ ला बचावाला आला आणि पुढं कॅप्टन. ज्यानं कधी फॉरवर्डवरून बॅकला ढकलल्याचं दुःख भोगलंय त्यालाच ह्याची किंमत कळेल, मी भोगलंय.

तिथली अजून एक गोष्ट. समोरच्या टीमचा निर्णायक प्रयत्न आला की विद्यार्थ्यांच्या स्टँडमधली सगळी पोरं खिशातनं किल्ल्या काढून खुळखुळवतात. हजारो किल्ल्या एकदम. खर्च शून्य रुपये. आपल्या कॉलेजच्या पोरांकडं किल्ल्या नाहीत असं तर नाही, आता तर प्रत्येकाकडं गाडी आहे.

पुढचा महिना म्हणजे नुसती कापणी चालू होती. नेब्रास्का ४५-७, मिनेसोटा ५२-१०, इंडियाना ५२-७, आणि त्याच राज्यातली दुसरी युनिव्हर्सिटी मिशिगन स्टेट, तिला तिच्या घरात जाऊन ४९-०. खरं सांगायचं तर ह्या मॅच बघायला मजा नव्हती, सौ. भाजी निवडत बसायच्या आणि मी पेंगायचो.

मग ऑक्टोबरमध्ये बॉम्ब फुटला. तिथं कोच मैदानाच्या कडेनं हातवारे करून, चित्रांच्या पाट्या दाखवून पोरांना चाल सांगतात. समोरच्याच्या खुणा मॅच चालू असताना बघून ओळखल्या तर चालतं, पण पुढं ज्यांच्याशी खेळायचंय त्यांच्या मॅचला आधी माणूस पाठवून टेहळणी करायची नाही, असा १९९४ पासूनचा नियम. मिशिगनच्या स्टाफमधल्या एकानं दुसऱ्यांच्या मॅचची तिकिटं काढून माणसं बसवली आणि मोबाईलवर खुणांचं शूटिंग करून घेतलं असं बाहेर आलं. तो ३ नोव्हेंबरला राजीनामा देऊन गेला. हारबॉ म्हणाले मला काही माहीत नाही. मला आमच्या काळात समोरच्या पेठेची प्रॅक्टिस बघायला झाडावर चढवलेलं पोरगं आठवलं, ते एकदा फांदीसकट खाली आलं होतं, त्याच्याकडून गुपित काही मिळालं नाही, प्लॅस्टर मात्र मिळालं. पण विनोद सोडा, चोरी ती चोरी. जावयांशी माझा ह्यावर वाद झाला. ते म्हणत होते सगळेच करतात, मी म्हटलं सगळे करतात हे बँकेत कॅश कमी आल्यावर मला सांगून बघा.

१० नोव्हेंबर, शुक्रवार. टीम पेन स्टेटला मॅचसाठी निघालेली आणि त्याच दिवशी 'बिग टेन' म्हणजे त्यांच्या लीगनं हुकूम काढला की उरलेल्या तीन लीग मॅचला हारबॉ मैदानात पाय ठेवणार नाहीत. दुसऱ्या दिवशी मॅच, तीही परगावी, तीही तगड्या टीमशी. जबाबदारी आली शेरॉन मूर ह्या असिस्टंटवर. त्यानं काय करावं? दुसऱ्या हाफमध्ये पासच्या खात्यावर भोपळा. पास टाकायचाच नाही, बॉल पोटाशी धरायचा आणि घुसायचं, परत घुसायचं, परत घुसायचं. समोरच्यांना माहीत, स्टेडियमला माहीत, घरी भाजी निवडणाऱ्या आमच्या सौ.ना माहीत, की आता हे सरळ घुसणार, आणि तरी कुणाला अडवता येईना. २४-१५. मॅच संपल्यावर तो मूर टीव्हीवर बोलता बोलता ढसाढसा रडला, एवढा अवाढव्य माणूस, घसरलेली टोपी, कोचचं नाव घेतोय, पोरांचं नाव घेतोय, मध्येच तोंडातनं शिवी गेली. सौ.नी निवडणं थांबवलं आणि म्हणाल्या, "आता मला बी कळालं."

पुढच्या आठवड्यात मेरीलँड ३१-२४, आणि तो मिशिगनचा हजारावा विजय. कॉलेज फुटबॉलमध्ये हजारावर पोचलेली ती पहिली टीम.

२५ नोव्हेंबरला ओहायो स्टेट. तिकीट मिळणं शक्यच नव्हतं, मग आम्ही जवळच्या कँटन गावात एका मराठी घरी जमलो, पंचवीस तीस माणसं, दुपारी बारा वाजता मॅच म्हणून कांदेपोहे आणि मिसळ, मिसळ तिकडच्या मानानं बरी होती. दोन्ही टीम तोपर्यंत न हरलेल्या. तिसऱ्या टप्प्यात मिशिगनचा झॅक झिंटर, पुढच्या फळीतला पहाडासारखा गडी, त्याचा पाय मोडला. गाडीवर घालून नेला त्याला. घरात पोह्याच्या बशा हातातच राहिल्या. आणि खेळ परत सुरू झाला त्याच्या पहिल्याच डावात ब्लेक कोरम २२ यार्ड पळत जाऊन ठेवून आला. त्याच पहिल्या डावात! शेवटी ३०-२४ असताना ओहायो चाल करून आलं, अर्धं मिनिट राहिलेलं, आणि रॉड मूरनं पास मधल्या मध्ये पकडला. टीव्हीवर सगळं गाव मैदानात उतरलेलं दिसलं. त्या घरातला एक सहा वर्षांचा पोरगा सोफ्यावरून पडला आणि कुणी उचलायलाच गेलं नाही.

ह्या कोरमबद्दल दोन शब्द लिहितो. २०२२ ला गुडघा गेला, ऑपरेशन झालं, प्रोफेशनल लीगला जाऊन पैसे मिळवू शकला असता, तरी परत आला आणि त्या सीझनला धावून २७ टचडाऊन केले, त्यांच्या कॉलेजचा रेकॉर्ड. २०२१ पासून तिथं खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात, त्या पैशातनं हा थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी गरीब घरांना टर्की वाटायचा. त्याच्या आधी म्हणे पोरांना स्कॉलरशिपपलीकडं काही घेता यायचं नाही, आणि कोच मात्र लाखो डॉलर घेणार, त्यांच्या लीगचे टीव्हीचे करार अब्जावधी डॉलरचे, पोरं गुडघे फोडून घेणार आणि पैसा वरच्या वर. हारबॉ स्वतः उघड म्हणत होते की ह्या कमाईत पोरांचा वाटा पाहिजे. २०२५ मध्ये कोर्टानं मंजूर केलेल्या तडजोडीनं ते झालं, आता युनिव्हर्सिटी थेट पैसे देते. म्हणजे तिकडं सगळं गोड गोड आहे असं माझं म्हणणं नाही. पैशाचा सुळसुळाट आहे, लबाडी आहे, त्या खुणाचोरीपायी ऑगस्ट २०२५ ला मिशिगनला जबर दंड झाला, विजेतेपद तेवढं राहिलं. ते आपल्याकडं आणा असं मी चुकूनही म्हणणार नाही.

बाकीचं लवकर सांगतो. डिसेंबरला आयोवाला २६-० हरवून लीग जिंकली. एक जानेवारीला कॅलिफोर्नियात 'रोझ बोल' स्टेडियमवर सेमीफायनल, समोर अलाबामा, तिथं आमचं काळीज बाहेर आलं, १३-२० मागं, शेवटची ९४ सेकंद उरलेली असताना बरोबरी केली, आणि मग वर शेवटच्या मिनिटात किक धरताना मिशिगनच्याच पोराच्या हातनं बॉल सुटला आणि स्वतःच्याच गोललाईनला टेकून कसाबसा उचलला, तिथं गेलं असतं तर संपलंच होतं. जादा वेळात कोरमनं १७ यार्ड कापले, अलाबामाला शेवटच्या प्रयत्नात तीन यार्ड पाहिजे होते, ढिगारा झाला आणि ढिगाऱ्याखाली ते अडकले. २७-२०. सौ.च्या आवडीचा ढिगारा. आठ जानेवारीला ह्यूस्टनला फायनल, समोर वॉशिंग्टन, तेही न हरलेले, पहिल्या टप्प्यातच डोनोव्हन एडवर्ड्स ४१ आणि ४६ यार्ड पळाला, आणि शेवटी परत आपल्या सेनरिस्टिलनंच पास उचलला आणि ८१ यार्ड नेला. ३४-१३. पंधरापैकी पंधरा. १९९७ नंतर पहिल्यांदा. रात्री अकराला कडाक्याच्या थंडीत पोरं रस्त्यावर, मी कानटोपी आणि जावयांचा कोट घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो, लेक ओरडत होती की बाबा न्यूमोनिया होईल.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे एवढं लांबवलं.

विमानात परत येताना माझ्या डोक्यात आमचा कॉलेजचा सीझन घोळत होता. कॉलेजचं नाव लिहीत नाही. सत्तरच्या दशकातली गोष्ट, झोनलची फायनल होती, मी लेफ्ट बॅकला. बघायला किती लोक? मी मोजले होते, अकरा. त्यात एक शिपाई, तोही पाण्याची कळशी घेऊन आला होता म्हणून. जिंकलो. ट्रॉफी पीटीच्या सरांनी सायकलच्या कॅरिअरला बांधून नेली आणि नोटीस बोर्डावर आमची नावं लागली, त्यात माझं आडनाव चुकीचं. आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी त्यातलीच सात पोरं आपापल्या पेठेतल्या तालमीच्या टीममधनं शाहू स्टेडियमला उतरली तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती! हलगी, घोषणा, भिंतीवर पोरं, गच्चीवर बायका. तीच पोरं साहेब, तेच पाय. तालमीच्या टीमला गाव होतं, कॉलेजच्या टीमला शिपाई.

आता म्हणाल ही जुनी गोष्ट. माझा नातू मागच्या वर्षी इथल्याच एका कॉलेजकडनं खेळला. त्यांचा सीझन किती दिवसांचा? दोन. हो, दोन दिवस, तीन मॅच, सकाळी एक आणि दुपारी उन्हात परत एक, आणि तिसरी हरले की घरी. आदल्या दिवशी रात्री व्हॉट्सॲपवर मेसेज आला की उद्या साडेसातला किट घेऊन या. वर्गातल्या पोरांना माहीत नाही, प्राध्यापकांना माहीत नाही, आईबापाला माहीत नाही, मला कळलं ते बूट शोधताना घरात आरडाओरडा झाला म्हणून. मी रिक्षा करून गेलो. प्रेक्षक मोजायची जुनी सवय, मोजले, चौदा. म्हणजे इतक्या वर्षांत तीन वाढले. मॅचनंतर दोन दिवसांनी इंटर्नल परीक्षा, खेळायला गेला म्हणून हजेरी कमी, सर्टिफिकेट दाखवून ती भरून घ्यायला ह्या टेबलावरून त्या टेबलावर महिना गेला. जिमखाना फी मात्र प्रत्येक विद्यार्थ्याकडनं न चुकता घेतात, ज्याला मैदान कुठल्या बाजूला आहे हे माहीत नाही त्याच्याकडनं पण.

आणि हे कुठल्या गावात, तर कोल्हापुरात, जिथं फुटबॉलसाठी माणूस उन्हात चार चार तास उभा राहतो, जिथला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडनं खेळला. दुसऱ्या गावचं मी समजू शकतो. इथं प्रेक्षक तयार आहे, खेळाडू तयार आहे, भांडायला तर आपण कायमच तयार, फक्त मॅच आहे हे कुणी सांगत नाही.

मिशिगनचा तो सीझन बघताना मला सगळ्यात जास्त कशाचा हेवा वाटला तर लाख माणसाचा नाही आणि डॉलरचा तर नाहीच. त्यांच्या मॅचच्या तारखा लोकांना महिनोन् महिने आधी माहीत असतात, कॅलेंडरवर छापलेल्या असतात, लेकीच्या फ्रीजवर चिकटवलेल्या होत्या. लग्नाची तारीख काढताना लोक ओहायोची मॅच कधी आहे ते बघतात असं मला तिथल्या एकीनं सांगितलं, मी विश्वास ठेवला. माणसाला आधी माहीत असेल तर तो येतो, आला की दोस्ताला आणतो, चार वर्षं आला की मग ती टीम त्याची होते. जावई शिकून बाहेर पडले त्याला दहा वर्षं झाली, तरी "आपण जिंकलो" म्हणतात. मी माझ्या कॉलेजबद्दल कधी "आपण" म्हटलेलं मला आठवत नाही, तालमीबद्दल रोज म्हणतो.

त्या पार्किंगवाल्या गृहस्थांना माझं एवढंच सांगणं की मैदान रिकामं दिसतं कारण ते रिकामं ठेवलं जातं. आधी चार मॅच नीट लावा, संध्याकाळी लावा, परीक्षा सोडून लावा, दोन कॉलेजमध्ये जरा चुरस लागू द्या, मग बघू पार्किंग कुठं लागतं ते.

आणि संपादक साहेब, आता तुमच्याकडं वळतो, रागावू नका. तुमच्या शहर पुरवणीत रोज वाढदिवसाच्या शुभेच्छांचं अर्धं पान असतं, तालमींच्या स्पर्धेला तुम्ही पूर्ण पान देता, ते द्याच, ते मी आधी वाचतो. पण कॉलेजच्या झोनलची बातमी येते ती संपल्यावर, तीन ओळीत, ट्रॉफी धरलेल्या प्राचार्यांचा फोटो आणि मागं पोरांची डोकी कापलेली. त्याऐवजी मॅचच्या आधी चौकट टाका, इंचभर पुरे, कुठलं कॉलेज, कुणाशी, कुठल्या मैदानावर, किती वाजता. आमच्यासारखे पेन्शनर गावात कमी नाहीत, सकाळी फिरायला जातोच, तिकडं वळू. मी तर पंचवीस जणांचा ग्रुप घेऊन येतो, आमच्यातले दोघं हलगी वाजवतात.

वेळापत्रक तुम्हाला कॉलेजं वेळेत देणार नाहीत असं तुम्ही म्हणाल, आणि ते खरंय. तर ते काम माझ्याकडं द्या. नातवाच्या पीटीच्या सरांना मी गाठलंय, बाकीच्या कॉलेजांच्या सरांचे नंबर ते देतो म्हणालेत. यंदा मॅच लागल्या की कागद घेऊन मी स्वतः तुमच्या ऑफिसात येतो, दुसऱ्या मजल्यावर बसता ना तुम्ही, लिफ्ट बंद असली तरी येतो.

आपला,
एक जुना वाचक आणि त्याहून जुना लेफ्ट बॅक
मंगळवार पेठ, कोल्हापूर